आत्याच्या चादरी आणि पाणी सोडणारी मोटर

आमच्या घरात मला इंजिनियर म्हणतात. कौतुकानं नाही. एकदा मी मिक्सर खोलला, साफ केला, परत जोडला आणि एक स्क्रू उरला. मिक्सर आजही चालतो. पण तो स्क्रू बाबांनी शर्टाच्या खिशात जपून ठेवलाय. जेवताना कुणी माझ्याबद्दल दोन शब्द बरे बोललं की ते स्क्रू काढतात आणि माझ्या ताटाशेजारी ठेवतात. बोलत काहीच नाहीत. जेवण झालं की उचलून परत खिशात.

तर त्या शुक्रवारी दुपारी मागच्या अंगणातून आत्याची हाक आली, "इंजिनियर, मोटरचा आवाज बदललाय रे."

मी अनवाणीच पळालो.

आवाज खरंच बदलला होता. आमची मोटर पाणी ओढत असली की तिचा आवाज जड असतो, पोटभर जेवलेल्या माणसानं हुंकार द्यावा तसा. पाणी सोडलं, म्हणजे ओढेनाशी झाली, की तो पातळ होतो, रिकामा डबा फरशीवरून ओढत न्यावा तसा. हौदावरच्या नळानं दोन गुळण्या टाकल्या, एकदा थुंकला आणि गप्प झाला. मी बटण बंद केलं. कोरडी मोटर चालू राहिली तर आतून जळते, एवढं मला कळतं.

ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची मोटर विहिरीच्या कठड्याशेजारी ओट्यावर बसवलेली आहे. ती स्वतः पाण्यात नसते. तिचा लोखंडी पाइप खाली विहिरीत गेलाय. तो पाइप आणि मोटरचं पोट, दोन्ही आधीपासून पाण्यानं भरलेलं असेल तरच ती खालचं पाणी वर ओढते. मध्ये कुठे हवा शिरली की खेळ खलास. चिरलेल्या स्ट्रॉनं सरबत प्यायला बसल्यासारखं होतं. मग वरचं बूच उघडून तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं, काठोकाठ भरायचं, बूच लावायचं आणि मोटर चालू करायची. आमच्याकडे याला मोटरला पाणी पाजणं म्हणतात.

पाजलं. ती चालू झाली, आवाज जड झाला, हौदात धार पडली. आत्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी हात पुसले. आणि हात पुसून होत नाहीत तोवर परत रिकामा डबा.

"आता काय?" आत्या म्हणाली.

"बघतो ना."

"बघ बाबा. माझ्या चादरी साबणात बसल्यात."

आता या चादरींचं सांगायला हवं, कारण सगळं अडलं होतं ते त्यांच्यापायी.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. कारखाना बंद पडला, खोलीचं भाडं झेपेना, तेव्हा बाबा स्वतः टेम्पो घेऊन गेले आणि तिचं सामान उचलून आणलं. म्हणाले, हे तुझंच घर. ती हो म्हणाली. पण इतके महिने झाले तरी खुर्चीत बसायची ती पुढच्या कडेवर. पाठ टेकायची नाही. भांड्यातलं शेवटचं कधी वाढून घ्यायची नाही. आई म्हणायची, "वन्सं, टेका की जरा, खुर्ची काही मोडत नाही." ती हसायची आणि तशीच बसायची.

मग तिला ते काम दिसलं. बसस्टँडजवळ एक लॉज आहे. त्यांचा धुलाईवाला काम सोडून गेला होता. आत्या सरळ आत गेली आणि मॅनेजरला म्हणाली, मी धुते. त्यानं सगळ्या खोल्यांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे गठ्ठा बांधून दिले. शनिवारी संध्याकाळी मोठी पार्टी उतरणार होती. तोवर धुऊन, वाळवून, घडी घालून मिळालं तर दर आठवड्याचं काम तिचं. नाही मिळालं तर शहरातल्या मशीनवाल्याकडे. मॅनेजर गोड बोलला, पण बोलला स्पष्ट.

घरी गठ्ठा आला तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबांनी आयुष्यभर मालाचा ट्रक चालवला. आता घरी असतात. गठ्ठ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "माझी बहीण लोकांच्या चादरी धुणार?"

"मग कुणाच्या धुऊ दादा? तुझ्या तर वहिनी धुते."

"मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच. तू नसतास तर विहीर कुठून आणली असती मी?"

"मी यात पडणार नाही. सांगून ठेवतो. हात लावणार नाही."

"नको लावू. तुला कुणी सांगितलंय?"

बाबा पुढच्या ओसरीत जाऊन बसले, पेपर उघडला आणि रेडिओ मोठा केला. आई आतून मला म्हणाली, "यांचा राग म्हणजे दुधावरची साय. दिसते जाड. फुंकर मारली की सरकते." पण फुंकर मारायला कुणी गेलं नाही. आणि रेडिओ मोठाच राहिला.

आत्याला एकच काळजी होती, दोरी. पुढची दोरी आखूड आणि सावलीतली. त्या रात्री जेवताना ती सहज म्हणाली, एवढ्या चादरी वाळत कुठे घालू. सकाळी बघतो तर मागच्या अंगणात नवी कोरी निळी दोरी बांधलेली, भर उन्हात, पेरूच्या झाडापासून थेट विहिरीपर्यंत. आत्या खूश. मला म्हणाली, "छान केलंस हो." मी चहा पीत होतो. मला वाटलं, चहाबद्दल म्हणतेय. चहा मीच केला होता.

तर शुक्रवारी दुपारी परिस्थिती अशी. पहिल्या चादरी धुऊन दोरीवर, दुसऱ्या साबणात, आणि मोटर हवा खातेय. आमच्या नळाला पाणी येतं ते पिण्यापुरतं. गच्चीवरची टाकी एका खळबळण्यात तळाला जाते. बादलीनं शेंदायचं म्हटलं तर आत्याचा उजवा खांदा मशीनवर बसून बसून गेलेला. आईचं वय. उरलो मी. आणि चादरी म्हणजे काही रुमाल नाहीत. एकेक चादर अर्धा हौद पिते.

मोटरवाल्याला फोन लावला. तो परगावी होता. म्हणाला, "सोमवारी येतो. तोवर पाजत राहा."

"सोमवारी नाही चालणार."

"मग दुसरा बघा," म्हणाला. दुसरा कोण आहे इथे?

मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. तेही कुठे शिकलेलो नाही. खोलायचं, बघायचं, व्हिडिओ लावायचा, परत बघायचं. मोटरही मी तशीच धरली. दुकानात सांगितलं, आज येत नाही, घरी पाणी नाही. मालक म्हणाला, तुझं कारण दर वेळी नवीन असतं.

पहिला संशय विहिरीवर. पाणी खाली गेलं असेल तर पाइपाचं तोंड उघडं पडतं. दोरीला दगड बांधून सोडला. पाणी भरपूर. दुसरा संशय फूटव्हॉल्व्हवर. हा पाइपाच्या तळाशी असतो. पाणी आत घेतो, परत जाऊ देत नाही. तो गळका असेल तर वरून ओतलेलं पाणी हळूहळू खाली उतरतं. मी काठोकाठ भरलं आणि बसून राहिलो. पाणी जागचं हललं नाही. मी नुसता त्या भोकाकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात बाबा पाणी प्यायच्या निमित्तानं मागे आले.

"काय, देवदर्शन चाललंय?"

"फूटव्हॉल्व्ह बघतोय."

"तो वर आहे का खाली?"

"खाली."

"मग तू वर कशाला बघतोस?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एकदा सगळ्या अंगणाकडे बघितलं, झाडाकडे, चादरींकडे, आणि परत गेले. पाणी प्यायलेच नाहीत.

मग उरलं सील आणि बूच. मोटरचं झाकण खोललं. आतली रबराची चकती वाळलेल्या सालीसारखी झाली होती. मला बरं वाटलं. चोर सापडला की बरं वाटतंच. सायकल काढून बाजारात गेलो, नवी चकती आणली, बुचाला टेप गुंडाळली, सगळे स्क्रू लावले, मोजून लावले, एकही उरला नाही. तोवर ऊन कललं होतं. पहिल्या चादरी वाळून उतरल्या होत्या आणि आत्या आत घड्या घालत होती.

मोटर चालू केली. आवाज जड. धार अशी की हौद भरला, टाकी भरली, टाकी वाहायला लागली तेव्हा शेजारून ओरडा आला.

जेवताना आत्या म्हणाली, "दादा, पोरगा हुशार आहे हो तुझा."

बाबांनी स्क्रू काढून ताटाशेजारी ठेवला.

"आज एकही उरला नाही," मी म्हणालो.

"उद्या बोलू," बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी आत्यानं राहिलेल्या चादरी काढल्या. टाकीचं पाणी आणि हौदाचं पाणी, दोन्ही वापरून अर्ध्या धुतल्या आणि दोरीवर टाकल्या. उरलेल्या घमेल्यात साबणाखाली. मोटर लावली.

थू. थू. गप्प.

मला खरं सांगायचं तर रडू यायचंच बाकी होतं. नवी चकती आहे. टेप आहे. रात्री धो धो चालली. सकाळी परत तेच. मी पाजलं. चालली आणि सुटली. परत पाजलं. परत सुटली. आत्या घमेल्याशेजारी दगडावर बसली होती, हात कोपरापर्यंत फेसात.

"राहू दे," ती म्हणाली.

"काय राहू दे?"

"दादाची इच्छा नाही ना. मोटरलाही कळलंय ते."

ती हे हसत म्हणाली. पण मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे दुसरीकडे गेले. ती फोनकडे बघत होती. मॅनेजरला फोन करावा का, असं तिच्या मनात चाललं होतं, मला कळत होतं. आत्ता सांगितलं तर तो निदान मशीनवाल्याकडून काहीतरी करेल. म्हणजे काम गेलं, पण शब्द राहिला. आत्या त्या जातीची आहे.

"थांब," मी म्हणालो. "फोन करू नको. जेवणापर्यंत थांब."

"जेवणानंतर धुतलेल्या वाळणार कधी?"

"ऊन कडक आहे. वाळतील. तू मला तो फेस दे."

"कशाला?"

"दे तर."

हे मी व्हिडिओत बघितलं होतं पण कधी केलं नव्हतं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात बुडवून शोधतात, कारण हवा बाहेर येते. इथे उलटं. हवा आत जाते, म्हणून बुडबुडे येत नाहीत, डोळ्याला काही दिसत नाही. पण चालू मोटरच्या जोडांवर फेस लावला तर जिथे भोक आहे तिथला फेस मोटर पिऊन टाकते. आत्याच्या घमेल्यात फेस लॉजवाल्यांच्या कृपेनं ढीगभर होता.

पाजलं, चालू केलं. बुचावर फेसाचा गोळा ठेवला. बसून राहिला. झाकणाभोवती लावला. बसून राहिला, टोपी घातल्यासारखा. मग विहिरीतून वर येणारा लोखंडी पाइप. तो कठड्यावरून वर येऊन वळतो, आणि तिथून मोटरपर्यंत एक जाड काळा रबरी पाइप आहे. त्याच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या क्लिपा आवळलेल्या. मोटरकडच्या क्लिपेवर फेस लावला. बसला. विहिरीकडच्या क्लिपेवर लावला.

फेसाला मध्येच एक खळी पडली. मग ती खळी आत गेली. मग सगळा गोळा, आवाज न करता, आत.

"आत्या, हे बघ."

ती वाकली. मी परत फेस ठेवला. परत प्यायली.

"अगंबाई," आत्या म्हणाली. "तहान लागलीय तिला."

आता सोपं होतं. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि क्लिप आवळली, आणखी आवळली, पार शेवटपर्यंत. फेस लावला. परत आत. हे काही मला पटेना. क्लिप तर आणखी आवळायला जागाच नव्हती. रबर चांगलं होतं, कुठे चीर नाही. मी तिथे बोट दाबून बसलो. चादरींचं पाणी वरून टपटप माझ्या मानेवर पडत होतं. आख्खी जमीन ओली. पाइपाखाली गळतंय का चादरीखाली, काही कळायची सोय नव्हती. कालपासून नव्हती.

आत्यानं माझी मान ओली होतेय म्हणून वरची चादर दोन्ही हातांनी उचलून धरली.

मोटरचा आवाज जड झाला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"आत्या, ती चादर सोड."

तिनं सोडली. आवाज पातळ.

"उचल."

जड.

"सोड."

पातळ.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं बघितलं ते असं: मुलगा जमिनीवर, मानेपर्यंत फेसात, एक बोट पाइपावर. नणंद चादर वर करतेय, खाली करतेय. "वन्सं," ती म्हणाली, "ऊन लागलं का दोघांना?"

"वहिनी, तुम्ही पण या. ती पलीकडची चादर उचला."

आई आली. चादरीसकट दोरी वर उचलली गेली आणि हौदात धार पडली, मनगटाएवढी. आईनं दोरीकडे बघितलं. मग दोरी जिकडे जात होती तिकडे. आम्हीही बघितलं.

निळी दोरी पेरूच्या झाडापासून सरळ येत होती आणि विहिरीतून वर आलेल्या त्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती. दोरी साधी बांधलेली नव्हती. ताणून, टणक, वीणेच्या तारेसारखी. त्यावर ओल्या चादरी पडल्या की ती पाइपाला झाडाकडे खेचायची, पाइप केसभर कलायचा आणि क्लिपेखालून रबर तेवढंच उचलायचं. चादरी वाळल्या, उतरल्या, की पाइप जागेवर. मोटर ठणठणीत. म्हणजे आत्या धुवायची, म्हणून पाणी जायचं. आणि पाणी यायचं ते धुणं उतरल्यावर. काल संध्याकाळी मी जो विजय मिळवला होता तो त्या वाळलेल्या चादरींचा होता.

"पाइपाला दोरी बांधतात का रे," आत्या मला म्हणाली. "तुला तर कळायला हवं."

"मी कुठे बांधली? मला वाटलं तू."

"मी? काल तुला शाबासकी दिली ना मी."

"मला वाटलं चहाची."

आईनं दोरी माझ्या हातात दिली, पाइपाजवळ गेली आणि गाठ बघितली. ती गाठ आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं बघितलेली. दोरीला एक फास, त्यातून टोक मागे ओढून घेतलेलं, वर दोन वळसे. घर बदलताना कपाटावर, सुट्टीत गाडीच्या टपावर, आणि कायम, दररोज, मालावरच्या ताडपत्रीवर.

"ही ट्रकवाल्याची गाठ आहे," आई म्हणाली.

पुढच्या ओसरीतून रेडिओचा आवाज येत होता. कुणीतरी हवामान सांगत होतं.

आत्या बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. परवा रात्री किंवा पहाटे कधीतरी, आम्ही उठायच्या आत, 'हात लावणार नाही' म्हणणारा माणूस दोरी आणून बांधून गेला होता. आणि अंगणात त्याला सगळ्यात भक्कम वस्तू दिसली ती पाइप. त्याच्या दृष्टीनं तो पाइप नव्हताच. तो ट्रकचा हूक होता.

मी दोरी परत आईकडे दिली आणि गाठ सोडवायला गेलो. सुटेना. दोन दिवस ओल्या चादरींनी ओढून ओढून ती दगड झाली होती. मी म्हणालो, चाकू आणतो.

"कापू नको," आत्या म्हणाली.

"मग काय करू? ऊन चाललंय."

"त्यानं बांधलीय. कापू नको." तिनं पदराला हात पुसले आणि पुढे गेली. मला तिचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच. "दादा, जरा मागे ये. एक गाठ सुटत नाहीये."

रेडिओ बंद झाला.

बाबा आले. पाइपावर फेस, माझ्या डोक्यावर फेस, आईच्या हातात दोरी, हौदात धार. आईनं दोरी थोडी खाली सोडली. मोटर पातळ झाली, धार तुटली. आईनं परत उचलली. धार आली. बाबा ट्रकवाले आहेत. त्यांना दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही.

बाबांचा चेहरा लाल व्हायला लागला, कानापासून. मला वाटलं आता ओरडतील. घरात ओरडायला मी कायम हाताशी असतो.

"दोरी ढिली ठेवली," शेवटी ते हळू म्हणाले, "की माल रस्त्यावर."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "चांगली बांधलीस. फक्त हा ट्रक नाही दादा, विहीर आहे."

"मला वाटलं, तुझी दोरी लोंबली तर चादरी मातीला लागतील."

"एकही लागली नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

बाबांनी नाक ओढलं आणि गाठीकडे गेले. दोन बोटांनी एक छोटं टोक पकडलं, एकच झटका दिला. गाठ अशी सुटली जणू बांधलीच नव्हती. मी तिथे मघापासून नखं मोडून घेत होतो.

पण गाठ सुटली आणि सगळ्या ओल्या चादरींचं वजन बाबांच्या हातात आलं. सोडलं तर चादरी चिखलात. बाबांनी दोन पावलं मागे घेतली, दोरी खांद्यावरून पाठीमागे घेतली आणि पाय रोवून उभे राहिले. माझी नजर भिंतीवर फिरली. कुठे खिळा नाही, कडी नाही.

"मी ड्रिल आणतो, हूक मारतो," मी म्हणालो.

"हूक नंतर मार," बाबा म्हणाले. "आधी मोटर लाव. तिच्या चादरी साबणात कुजतायत."

"तुम्ही असेच उभे राहणार?"

"माल उतरेपर्यंत ड्रायव्हर कुठे जातो का?"

मी शेवटचं एकदा पाजलं, बूच आवळलं, बटण दाबलं. जड आवाज. मी क्लिपेवर फेस ठेवला. बसून राहिला, ढगासारखा. तिथे तो सुकेपर्यंत बसून होता. धार सुटली ती थांबलीच नाही. आत्यानं घमेलं उपसलं, चादरी खळबळल्या, मी आणि आई दोन टोकं धरून पिळत गेलो, आणि पिळलेली एकेक चादर बाबांच्या दोरीवर चढत गेली. दर चादरीला बाबा थोडे वाकायचे, मग सरळ व्हायचे.

"अहो, खांब हलतोय," आई म्हणाली.

"खांबाला चहा मिळाला तर हलणार नाही."

आईनं चहा आणला आणि कप त्यांच्या तोंडाशी धरला. बाबा फुंकर मारत प्यायले. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बघ, फुंकर." मी हसलो. बाबांना कळलं नाही काय ते.

आत्या शेवटची चादर टाकून मागे झाली आणि एकदम म्हणाली, "हे सगळं या पोरानं शोधून काढलं हं दादा. फेस लावून. मोटरवाल्यालाही जमलं नसतं."

मी बाबांच्या खिशाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. दोन्ही हात दोरीत.

"इंजिनियर," ते म्हणाले, "खिशात तो स्क्रू आहे. काढून घे. मला आज हात नाहीत."

मी काढून घेतला. इतक्या दिवसांनी नीट बघितला. मिक्सरच्या बुडाचा आहे. म्हणूनच मिक्सरचा एक पाय डगमगतो. लावला संध्याकाळीच.

ड्रिल घेऊन मी घराच्या मागच्या भिंतीत मोठा हूक बसवला आणि दोरी बाबांच्या खांद्यावरून त्यावर गेली. बाबांच्या शर्टावर निळी रेघ उमटली होती, ओली. ऊन खरंच कडक होतं. शेवटचे अभ्रे जरा दमट वाटले, ते आत्यानं इस्त्रीखाली घातले. घड्या तर अशा की पत्त्यांचा नवा जोड. सगळ्याचा एक गठ्ठा झाला आणि बाबा पुढे आले.

"गठ्ठा मी बांधतो," म्हणाले. "तुम्हा लोकांना बांधता येत नाही. रस्त्यात सुटेल."

कुणी नको म्हटलं नाही.

मी आणि आत्या स्कूटरवर गेलो. गठ्ठा माझ्या पायाशी, आत्या मागे. पार्टीची गाडी अजून यायची होती. मॅनेजरनं गठ्ठा हातानं दाबून बघितला, वास घेतला, मान हलवली आणि म्हणाला, कळवतो. एवढंच. 'कळवतो' हा शब्द मला माहीत आहे, मोबाईलच्या दुकानात मीही वापरतो.

घरी आलो. आत्या खुर्चीच्या कडेवर बसली. फोन मांडीवर. आई मुद्दाम भांडी वाजवत होती. बाबा ओसरीत होते, पण रेडिओ बंद.

फोन वाजला. मॅनेजर. आत्यानं स्पीकर लावला, कारण आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"ताई, चादरी एकदम चांगल्या आहेत, एका कडेनं बघितल्या मी," तो म्हणाला. "पण पार्टी आलीय दारात, आणि ही गाठ सुटत नाहीये हो. दोन पोरं लावलीत मी."

आत्या काही बोलायच्या आत बाबा ओसरीतून आत आले आणि हात पुढे केला. तिनं फोन दिला.

"हॅलो. भाऊ बोलतोय तिचा. चाकू लावू नका हं. डावीकडे एक छोटं टोक आहे बघा. ते नाही, ते मोठं झालं. छोटं. हां. सरळ ओढायचं, जोरात नाही." पलीकडे काहीतरी घसरल्याचा आवाज आला आणि कुणीतरी हसलं. "सुटली? सुटणारच. पुढच्या आठवड्याचा गठ्ठा किती वाजता तयार असतो तुमच्याकडे?"

मॅनेजर काहीतरी म्हणाला.

"सोमवारी सकाळी. बरं. मीच येतो न्यायला. तेव्हा बांधायची कशी तेही शिकवतो. तुमची पोरं ढिली बांधतात."

त्यांनी फोन ठेवला, आत्याला दिला आणि पेपर शोधायला लागले. पेपर त्यांच्या काखेतच होता.

आत्या खुर्चीत मागे सरकली. पाठ टेकली. खुर्ची करकरली, पण मोडली नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "भूक लागलीय हो सणसणून. वाढा काहीतरी."